बिननावाची कुंडी

३ मार्च

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरोखर वाकले तर उठवायला माणूस लागेल, कारण सकाळपासून दातांवर वाकून बसलेय. माझ्या नव्हे. एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी आमच्याकडे पुन्हा परत आलीय. ती घातली की त्यांना ‘स’ म्हणता येत नाही म्हणे. नोकरी सुटली तरी हजेरी घ्यायची हौस काही सुटत नाही बघ माणसाची.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस. आत्या गेल्यावर तिच्या घरची वाटावाट झाली त्या दिवशी चहासुद्धा न घेता बस पकडलीस, आणि तेव्हापासून माझे फोन तुझ्या घरी वाजून वाजून गप्प बसतायत. पत्र मात्र तू न वाचता टाकणार नाहीस. मुद्रितशोधक बाई तू, समोर आलेला कागद चुका काढल्याशिवाय तुझ्या हातून सुटेल थोडाच?

तर काम असं आहे. आत्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक मोठी कुंडी होती, आठवते? कोणालाच नको होती म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. टेम्पोवाल्यानं उतरवताना फोडली, मग मी नवी आणली. जुनी माती काढताना मुळांभोवती पत्र्याचं एक गंजकं कडं निघालं, त्यानं माझा अंगठा चांगला कापला. कड्यावर कुठेकुठे निळा रंग अजून आहे. मुळांनी ते असं घट्ट धरलं होतं की सोडवेना. राहू दे बाई म्हटलं, आणि तसंच आत लावलं.

आत्याकडे हे झाड कधीच फुललं नाही. बाबा म्हणतात, एवढ्या वर्षांत एक कळी पाहिली नाही. माझ्या बाल्कनीत त्याला ऊन मिळालं आणि या आठवड्यात, ताई, ते फुललं! पांढरं फूल, अगदी पांढरंही नाही, जुन्या चांगल्या कागदासारखं. लांब निमुळत्या पाकळ्या. आणि वास काय सांगू! जिन्यातून जाणारी माणसं थांबतात. खालचा शिंपी म्हणतो, पिकलेल्या फळाचा वास आहे. सासूबाई म्हणतात, त्यांच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंच्या पदराला यायचा तसला. आमच्या डॉक्टरांना फूल नेऊन दाखवलं, तर त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, “भारीतला साबण.” झालं! मला स्वतःला विचारशील तर सांगताच येत नाही, म्हणून तर तुला लिहितेय. शब्द तुझ्याकडे असतात.

नाव शोधून दे ना. नावच माहीत नाही तर पाणी किती घालायचं, ऊन किती द्यायचं, कोणाला विचारू? आत्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय. ते माझ्या हातून मेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तुझी
भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवणार होते, पण आमच्याकडे शाईचा साठा मर्यादित आहे. ‘निवृत्त’ बरोबर लिहिलंस, त्याबद्दल कौतुक. बाकीचं सोडून देते.

चहा घेतला नाही कारण बस चुकली असती. तुला आत्याचं झाड मिळालं, मला आत्याचं पेन. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. तरी बोलतेच. ते पेन तिला नकाशा कचेरीतून निवृत्त होताना मिळालं होतं, सगळ्यांना देतात तसलं, सोनेरी टोपणाचं, मखमलीच्या डबीत. तिनं ते एकदाही उघडलं नाही. नकाशांवर गावांची नावं लिहिण्यात जिचा जन्म गेला, जिचं कपाट बोरू आणि टाकांनी भरलेलं होतं, तिनं जाताना काकांना, तुझ्या बाबांना, सांगून मला द्यायला लावलं ते हे. जे तिला स्वतःलाच नको होतं. मी पहिलीत गेले तेव्हापासून नोकरी लागेपर्यंत तिच्या घरात वाढले, भिंगरी. तुम्ही सगळे सुट्टीत यायचात. मी तिथेच असायची. तिचा एखादा शाईनं माखलेला टाक मिळाला असता तरी मी डोक्याला लावला असता. असो. ‘असो’ लिहिलं की परिच्छेद संपतो, असा आमच्या छापखान्यात नियम आहे.

आता तुझं झाड. निमुळत्या पाकळ्या आणि फळाचा वास म्हणतेस, तर चाफ्यांपैकी कोणीतरी असावं. पण चाफा हे नुसतं आडनाव आहे, सगळे एका घरातले नव्हेत. पांढरा चाफा म्हणून लोक ज्याला ओळखतात त्याचं पान मोडलं की दुधासारखा चीक येतो. तुझ्या झाडाला येतो का ते बघ. हिरवा चाफा असेल तर तो वेलासारखा पसरेल, त्याला आकडे असतील. कवठी चाफ्याची कळी गोल, अंड्यासारखी असते. खोड कसं आहे, पानाची पाठ कशी आहे, वास कुठल्या वेळी जास्त येतो, सगळं नीट बघून लिही. ‘भारी साबण’ हे वर्णन पुढच्या पत्रात चालणार नाही.

तुझं पत्र वाचताना मला उगाचच काहीतरी आठवलं. पण ते झाड चांगलं दोन मजले उंच होतं, कुंडीत मावणारं नव्हतं. तेव्हा जाऊ दे.

ताई


१९ मार्च

ताई,

आज तुझी परीक्षा दिली. पान मोडलं, चीक नाही. म्हणजे तुझा पहिला चाफा बाद. वेल नाही, आकडा नाही, सरळ उभं शहाण्यासारखं झाड आहे, त्यामुळे दुसराही बाद. कळी बोटाएवढी लांब आणि टोकदार, म्हणजे तिसराही घरी. वास सकाळी येतो आणि दिवे लागायच्या सुमारास येतो. दुपारी जरा डुलकी काढतं, आमच्या डॉक्टरांसारखं.

आणि हे ऐक, कारण हे मी दात बघायच्या भिंगातून बघितलंय. झाडाच्या वरच्या पानांची पाठ गुळगुळीत आहे. पण अगदी खाली, मातीपासून वीतभरावर एक नवी जोरदार फूट आलीय, तिच्या पानांच्या पाठीवर बारीक लव आहे, बाळाच्या कानावर असते तशी. एकाच झाडाची पानं अशी दोन तऱ्हेची कशी? मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, तुझे आणि तुझ्या ताईचे स्वभाव तरी कुठे जुळतात.

त्या फुटीच्या वर खोडाला एक फुगवटा आहे, गुडघ्यासारखा. मला तर रोगच वाटतो. त्यावर हळद लावू का चुना लावू, असं सासूबाई रोज विचारतात.

फूल पाठवतेय. पाकिटात चुरगळेल म्हणून कवळीच्या डबीत घातलंय. डबी नवीकोरी आहे, घाबरू नकोस. फक्त तुझ्या ऑफिसात उघडताना लोकांना आधी सांग, नाहीतर म्हणतील बाईंचे दात पार्सलनं आले.

पेनाचं वाचलं. मला वाटलं होतं तू खूश असशील. लिहिणारीला लिहायचं दिलं, असं सगळे म्हणत होते आणि मीही मान डोलावली होती. आता वाईट वाटतंय.

भिंगरी


१२ एप्रिल

ताई,

डबी मिळाली का? इकडे बहर संपला. तुझं उत्तर येईना म्हणून रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघते. तो आता लांबूनच मान हलवतो. काही चुकलं का माझं?

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरी,

डबी पोचली. फूल वाटेत तपकिरी पडलं होतं, ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिवाय हल्ली फुलांच्या वासानं माझं डोकं चढतं. झाडाच्या नावाचा नाद सोड. तुला सांभाळायचं तर सांभाळ, नाहीतर कोणाला तरी देऊन टाक. पुन्हा फूल पाठवू नकोस.

कामाची घाई आहे. डबी ठेवून घेतली आहे.

ताई


२७ एप्रिल

ताई,

डोकं चढतं? तुझं? छापखान्याच्या शाईच्या वासात जन्म काढलेल्या बाईचं एका वाळक्या फुलानं डोकं चढतं? बरं, मान्य. पण मग डबी का ठेवून घेतलीस? उसनी टाचणीसुद्धा पाकिटात घालून परत करणारी बाई तू! कुठेतरी पाणी मुरतंय. सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण मला तोंडघशी पाडल्यासारखं झालं. मी हौसेनं पाठवलं होतं गं.

झाडाचं रडगाणं वेगळंच. ती खालची फूट आहे ना, ती नुसती सुटलीय. एवढ्यात माझ्या कमरेला लागली. आणि परवा तिला फूल आलं, पिवळंधमक! हा सोनचाफा, हा कोणीही ओळखेल. म्हणजे आपलं झाड सोनचाफ्याचं ठरलं ना? मग वर पांढरं फूल कसं आलं? सासूबाई म्हणतात, वय झालं की पांढरं व्हायचंच.

पण वरचा भाग रोज उतरतोय, ताई. पानं गळली, शेंड्याच्या काड्या वाळल्या. जेवढी खालची फूट माजतेय तेवढं वरचं सुकतंय. नवरा म्हणतो, मेलेलं धरून बसू नये, वरचं सगळं त्या फुगवट्यापासून उडवू म्हणजे खालचं तरी नीट वाढेल. करवत आणून ठेवलीय त्यानं. या रविवारी पाहुणे आहेत, पुढच्या रविवारी कापणार. मला कसंतरीच होतंय, पण त्याचंही चूक म्हणता येत नाही.

एक गंमत सांगते. शेजारच्यांकडे माळी आला होता, त्याला जाता जाता झाड दाखवलं. खोडाच्या फुगवट्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, “भेट कलम आहे हे बाई, सांभाळा.” म्हटलं, हो ना, आमच्या आत्यानंच भेट दिलंय. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या डोक्यावरच झाड उगवलंय, आणि गेला निघून. त्याला कोणी सांगितलं असेल की आत्याकडून आलंय?

भिंगरी


६ मे

भिंगरी,

काल फोनवर मी जे ओरडले त्याबद्दल तुझ्या नवऱ्याची माफी माग. “करवत खाली ठेवा” एवढं म्हणायला दोन वेळा चढ्या आवाजाची गरज नव्हती. पण पत्र काल दुपारी हातात पडलं, रविवार तोंडावर आला होता, आणि तुमच्या फोनला आधी सासूबाई, मग कोणीतरी मूल, मग तो. तोपर्यंत माझा जीव अर्धा झाला. बाकी सगळं पत्रात लिहिते म्हणून फोन ठेवला.

आता नीट वाच. मागे एकदा आमच्याकडे बागकामाचं एक शालेय पुस्तक छापायला आलं होतं, त्यातलं कलमांचं प्रकरण मीच तपासलं होतं. दाब कलम, गुटी कलम, डोळा कलम, आणि भेट कलम. भेट कलम म्हणजे भेट दिलेलं नव्हे, वेडाबाई. भेट म्हणजे गाठभेट. ज्या झाडाची फांदी हवी त्याच्याजवळ दुसरं एक रोप कुंडीसकट नेऊन ठेवायचं. दोघांची साल थोडी तासायची, उघड्या जागा एकमेकींना लावायच्या आणि गच्च बांधायच्या. दोघं आपापल्या मुळांवर असतात, तशीच राहू द्यायची. जीव एक झाला की वरची फांदी तिच्या मूळ झाडापासून सोडवायची आणि खालच्या रोपाचा शेंडा उडवायचा. तुझा तो गुडघा म्हणजे रोग नाही, ती दोघांची गाठ आहे.

तेव्हा तुझ्या कुंडीत एक नाही, दोन झाडं आहेत. खालचा सोनचाफा आणि वरचा त्याचा पांढरा भाऊबंद. पांढरा सोनचाफा म्हणूया, पुस्तकातही याहून वेगळं काही नाही. त्याला बी धरत नाही, म्हणून तो असाच दुसऱ्याच्या मुळांवर वाढवावा लागतो. खालची फूट अन्न पळवते म्हणून वरचा वाळतोय. तेव्हा कापायचं ते खालचं, वरचं नव्हे. फूट अगदी बुडापासून काढ आणि जखमेवर मेण लाव.

आता दुसरं. ते फूल ओळखण्यासारखं उरलं नव्हतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. तपकिरी झालं होतं, पण वास होता. डबी उघडली आणि मी टेबलाशी तशीच बसून राहिले, शेजारच्याला वाटलं बाईंना चक्कर आली. आत्याच्या तेव्हाच्या सरकारी घरामागे, माझ्या खिडकीला लागून एक झाड होतं. नाव कोणालाच माहीत नव्हतं, आम्ही त्याला ‘मागचं झाड’ म्हणायचो. मी त्या वासात अभ्यास केला, त्या वासात आजारी पडले आणि बरी झाले. मला नोकरी लागली, मी इकडे आले, आणि त्याच वर्षी गाड्यांची शेड बांधायला ते तोडलं. आत्यानं एका ओळीत कळवलं होतं. ते झाड पुन्हा तुझ्याच बाल्कनीत उगवलं, आणि मला पेन. याचा मला राग आला, भिंगरी. लहान मुलीसारखा राग आला.

पण आता माझं एक काम कर. काकांना विचार, आत्या शेवटी नेमकं काय म्हणाली होती. अर्थ विचारू नकोस. शब्द विचार, जसेच्या तसे. त्यातलं काही सुधारून लिहू नकोस, तुझ्या ऱ्हस्व-दीर्घासकट चालेल.

ताई


१३ मे

ताई,

आधी बातमी. झाड आहे! फूट कापली, माझ्या कामाच्या बारीक सुरीनं, अगदी बुडापासून. जखमेवर कवळीचं गुलाबी मेण वितळवून लावलंय, त्यामुळे झाडाला हिरडी आल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणाले, आता फक्त दात यायचे राहिलेत. आज सकाळी वरच्या काडीला एक हिरवा डोळा फुटलेला दिसला. एकच आहे, पण आहे. माझा नवरा तुझ्यावर रागावलेला नाही, उलट करवत कपाटावर ठेवून “ताईंची ऑर्डर” असं म्हणत फिरतो.

आता बाबांचं. मी त्यांना जेवण झाल्यावर विचारलं. म्हटलं, बाबा, अर्थ नको, शब्द सांगा. ते चिडले. म्हणाले, मी काय बहिरा आहे? मग डोळे मिटून आत्याच्या आवाजातच बोलले. ती म्हणाली होती, “माझं भेट कलम थोरलीला द्या. तिच्या खिडकीशी ठेव म्हणावं.”

बाबांना वाटलं, कलम म्हणजे पेन. कपाट धुंडाळलं, सगळे टाक-बोरू बघितले, त्यात भेट मिळालेलं असं एकच निघालं, मखमलीच्या डबीतलं. त्यांना केवढं हायसं वाटलं होतं! मी विचारलं, मग खिडकीशी ठेव हे काय? तर म्हणाले, “लिहायला उजेड नको का?”

ताई, इतके महिने ते झाड आमच्याकडे होतं आणि ते तुझं होतं. तुला वाटत राहिलं की आत्यानं तुला नको ते दिलं, आणि तिनं तुझी खिडकीच तुला परत पाठवली होती. बाबा तर रडायलाच लागले. म्हणाले, मी आयुष्यभर तिचे निरोप पोचवले आणि शेवटचा तेवढा चुकवला. त्यांना काहीतरी लिही, तुझं ऐकतील.

तर झाड तुझं आहे. मी टेम्पोवाल्याशी बोलते. गवत भरून, पोतं बांधून नीट पाठवते. खोटं कशाला बोलू, सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडेच जाते मी. पण तुझं ते तुझं.

भिंगरी


२४ मे

भिंगरी,

टेम्पो ठरवला असशील तर आधी त्याला नाही म्हणून सांग, मग पुढे वाच.

माझी खात्री तुझ्या पत्रातल्या एका अनुस्वारानं झाली. आत्या म्हणाली, “माझं.” आपल्या आत्याच्या तोंडी लिहायची असेल तर ती कलम, लावायचं असेल तर ते कलम. माझ्याकडून तिनं हे पाठ करून घेतलं होतं. “माझी कलम कोणी घेतली?” असं ओरडली की मी पलंगाखाली जायची. पेन द्यायचं असतं तर ‘माझी’ म्हणाली असती, मरणाच्या दारातही तिच्याकडून शब्दाचं लिंग चुकलं नसतं. काकांना सांग की निरोप चुकला नाही, उशिरा पोचला. त्यांनी शब्द जपून ठेवले होते, म्हणूनच मला कळलं. मी त्यांना वेगळं लिहिते आहे.

तिनं मला कधी सांगितलं का नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मग आठवलं, अर्धवट काम ती कोणाला दाखवायची नाही. नकाशा पुरा होईपर्यंत त्यावर फडकं घालून ठेवायची. झाड फुललं की मला बोलवायचं, असं तिनं ठरवलं असणार. टाकीच्या सावलीत ते फुललंच नाही, आणि ती वाट बघत राहिली. मी गच्चीवर जाऊन त्या कुंडीच्या काठावर बसून तिच्याशी गप्पाही मारल्या आहेत, भिंगरी. पाठीमागे माझं झाड उभं होतं.

आणि आता तुझं. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, मुळांभोवती पत्र्याचं कडं, निळा रंग. मी ते वाचून पुढे गेले, चुका शोधायच्या नादात. काल पुन्हा सगळी पत्रं काढली तेव्हा तिथे अडकले. तू दुसरीत असशील. सुट्टीत आली होतीस. कुठून तरी लाल बिया गोळा करून आणल्यास आणि आत्याच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरल्यास. डबा निळा होता, नकाशातल्या नद्यांचा निळा. रोज सकाळी बोटानं उकरून बघायचीस, उगवलं का. आत्या तुझ्या हातावर चापट मारायची. सुट्टी संपली, काही उगवलं नाही, तू भोकाड पसरून घरी गेलीस आणि विसरलीस. त्यानंतर उगवलं. आत्यानं तुला कळवायला सांगितलं होतं मला. मी बहुतेक कळवलं नाही, मला तेव्हा माझीच घाई असायची.

सोनचाफ्याच्या बिया लाल असतात. मी पुस्तकात बघून खात्री करून घेतली. मागचं झाड तोडणार असं कळल्यावर आत्या रोपासाठी कुठे बाजारात गेली नाही. तुझा डबा उचलून माझ्या खिडकीखाली नेऊन ठेवला तिनं, आणि तुझं रोप माझ्या फांदीला बांधलं.

तेव्हा टेम्पोत काय घालून पाठवणार आहेस तू? वरचं माझं आहे, मान्य. पण ते उभं आहे ते तुझ्या मुळांवर. मी बसून रडले, खरंच सांगते. पेन मिळालं तेव्हापासून जे अडकलं होतं ते सगळं रडून घेतलं, आणि मग भूक लागली.

मी असं ठरवलंय. आमच्या छापखान्यापलीकडे रोपं विकतात, तिथून बोटाएवढ्या खोडाचं सोनचाफ्याचं एक रोप घेतलंय. पाऊस सुरू झाला की ते घेऊन मी तुझ्याकडे येते. तुझ्या बाल्कनीत दोघांना बांधू. सुरी तुझी, मेण तुझं, हातही तुझाच. एकजीव व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर रोज बघावं लागतं. माझी रजा साठलेली आहे, आणि कच्ची मुद्रितं टपालानं मागवता येतात. भेट कलम टपालानं होत नाही, भिंगरी. दोघांना एका जागी यावंच लागतं.

हे पत्र त्या सोनेरी टोपणाच्या पेनानं लिहिलंय. शाई भरून बघितली, सरळ चालतं. बरं आहे की पेन.

ताई


३१ मे

ताई,

ये. बाबांनी तुझं पत्र शर्टाच्या खिशात ठेवलंय, शर्ट धुवायलाही देत नाहीत. सासूबाईंनी तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी करून घेतली. नवऱ्यानं त्या करवतीनं दोन लाकडी तुकडे कापून कुंडीला बैठक केलीय, शेजारी दुसरी कुंडी बसेल एवढी.

लाल बियांचं मला काहीसुद्धा आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की आत्याकडे कोणीतरी हातावर चापट मारायचं आणि मला फार आवडायचं.

हिरव्या डोळ्याची आता फांदी झालीय. रोज सकाळी जाऊन बघते. उकरत नाही.

चहा ठेवते. या वेळी पिऊन जायचं.

भिंगरी